बाळंतपणानंतर दोघांनीही पुन्हा चालते होण्यासाठी काय करावे? (नागपूर)

मानेवाडेकर (धागाकर्ता) · ११ फेब्रुवारी, रात्री ११.४०

नमस्कार. आमची मुलगी नुकतीच साडेतीन महिन्यांची झाली. पत्नीचे सिझेरियन झाले होते आणि पहिलेच बाळंतपण असल्यामुळे ती रीतीप्रमाणे वर्ध्याला माहेरी होती. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात ती मुलीला घेऊन नागपूरला परतली.

लग्न झाल्यापासून आम्ही दोघे रोज पहाटे रेशीमबाग मैदानावर फेऱ्या मारत असू आणि रविवारी सेमिनरी हिल्सचा चढ चढून, येताना तर्री-पोहे खाऊन घरी येत असू (त्या तर्रीमुळे चढाचा सारा हिशेब बरोबरीत सुटत असे, हे मान्य आहे). ती माहेरी गेल्यावर मी एकटा जाईनासा झालो आणि चार महिन्यांत माझे वजन आठ किलोंनी वाढले. माझे कार्यालय मिहानमध्ये आहे, दिवसभर खुर्चीवर बसून काम असते आणि घरी पोहोचेपर्यंत साडेसात वाजतात.

सहा आठवड्यांच्या तपासणीत डॉक्टरांनी तिला हळूहळू चालण्याची परवानगी दिली होती. मी तिला पावले मोजणारे मनगटी घड्याळ आणून दिले, पहाटे पाचचा गजर लावून पाहिला, नवे बूट घेतले. ती दर वेळी ‘उद्यापासून नक्की’ म्हणते. घड्याळ सध्या कपाटात दुपट्यांच्या घडीखाली आहे. तिला टोचून न बोलता प्रवृत्त कसे करावे आणि आमची जुनी सवय परत कशी आणावी, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया लिहावे.

दोन मुलांची आई · १२ फेब्रुवारी, पहाटे ५.१५

आपल्या लेखनात बूट आले, घड्याळ आले, गजर आला; तुम्ही दोघे रेशीमबागेत असताना मुलगी कोणाजवळ असेल, हे मात्र कुठेच आलेले नाही.

या वयाचे मूल साधारणपणे दर दोन-तीन तासांनी अंगावर पिते. पाजणे, ढेकर काढणे आणि पुन्हा झोपवणे यांत पाऊण तास सहज जातो. मग जो तास-दीड तास हाती उरतो, त्यातच आंघोळ, जेवण, लंगोट आणि स्वतःची झोप बसवायची असते. तुमचा पाचचा गजर वाजतो तेव्हा ती कदाचित चार वाजता आडवी झालेली असेल. अशा वेळी ‘चालायला जा’ हे वाक्य कितीही प्रेमाने म्हटले, तरी तिला ते आणखी एका कामासारखेच ऐकू येते.

माझ्या पहिल्या खेपेला हेच झाले आणि मी वर्षभर घराबाहेर पडले नाही. दुसऱ्या खेपेला आमच्या घरात एक साधी गोष्ट ठरली. संध्याकाळचे पाजणे झाले की मूल यांच्या खांद्यावर, आणि पुढचा अर्धा तास माझा. त्या वेळात मी चालावे, बसावे की जिन्यात उभी राहावे, हे कोणी विचारायचे नाही. पहिला आठवडा मी खरोखरच इमारतीच्या पायरीवर बसून राहिले. दुसऱ्या आठवड्यात पाय आपोआप कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेले.

फिजिओ, प्रतापनगर · १२ फेब्रुवारी, दुपारी २.०५

मी फिजिओथेरपिस्ट असून बाळंतपणानंतरच्या स्त्रिया माझ्याकडे नेहमी येतात. येथे कोणाचेही निदान करणार नाही, मात्र काही सर्वसाधारण गोष्टी स्पष्ट करणे आवश्यक वाटते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार, ज्यांना वैद्यकीय मनाई नाही अशा बाळंतिणींनीही आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, असे अपेक्षित आहे. मध्यम श्रम ओळखण्याची सोपी खूण अशी की चालताना बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही. पूर्वीच्या मार्गदर्शनात प्रत्येक वेळी सलग दहा मिनिटे तरी हालचाल व्हावी, अशी अट होती. ती २०२० मध्ये काढून टाकण्यात आली. लहान मूल असलेल्या घरासाठी हा बदल फार मोलाचा आहे, कारण मूल सलग दहा मिनिटे देईलच याची शाश्वती नसते. सात मिनिटे गल्लीत, पाच मिनिटे गच्चीवर, तीन मिनिटे जिन्यात, हे सगळे हिशेबात धरले जाते. शिवाय १५० हा आकडा पहिल्या महिन्यात गाठायचा नसून तिकडे हळूहळू जायचे असते.

सिझेरियनमध्ये वरची त्वचा आठ-दहा दिवसांत मिटलेली दिसते, पण आतले थर भरून यायला सहा आठवडे आणि त्याहूनही अधिक काळ लागतो. म्हणून आरंभी बाळाच्या वजनापेक्षा जड वस्तू उचलू नये, अंथरुणातून उठताना सरळ न उठता आधी कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठावे आणि पोट लवकर उतरावे म्हणून उठाबशांसारखे पोटाचे व्यायाम घाईने सुरू करू नयेत. गरोदरपणात पोटाचे दोन उभे स्नायू मधल्या रेषेपासून दूर सरकतात. पाठीवर झोपून, गुडघे वाकवून, डोके थोडे उचलले असता बेंबीच्या आसपास दोन किंवा अधिक बोटे आत जात असतील आणि बाळंतपणाला दोन महिने उलटून गेले असतील, तर फिजिओथेरपिस्टला दाखवून मगच पुढचे व्यायाम करावेत. धावणे किंवा उड्या मारणे तीन महिन्यांच्या आत नकोच. त्यानंतरही ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची ताकद पाहूनच ठरवावे.

बेताच्या व्यायामाने दूध कमी होते किंवा ‘तापते’, ही भीती निराधार आहे. फक्त पाजून झाल्यावर चालायला निघावे, म्हणजे छाती जड वाटत नाही, आणि बरोबर पाणी ठेवावे. पहिले सहा महिने अंगावर पाजणाऱ्या आईला रोज सुमारे ६०० उष्मांक अधिक लागतात, असे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे प्रमाण आहे. त्यामुळे चालणे आणि उपाशी राहणे यांची सांगड कोणीही घालू नये. दुसरे म्हणजे रक्त. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. प्रसूतीनंतर लोहाच्या गोळ्या १८० दिवस घ्यायच्या असतात आणि पुष्कळ जणी त्या माहेरून निघताना तिथेच विसरून येतात. जिन्याचा एक मजला चढताना धाप लागत असेल, तर त्या बाईला आळशी म्हणण्याआधी तिचे हिमोग्लोबिन तपासावे.

चालताना अंगावरून पुन्हा लाल जाऊ लागले, टाक्यांत दुखले, एकाच पोटरीला सूज येऊन ती दुखू लागली, छातीत दुखले, श्वास लागला किंवा डोके फार दुखू लागले, तर चालणे थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

महालातली आजी · १२ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.३०

माझे वय ७१ आहे आणि नातवाने हा धागा वाचून दाखवला. उत्तरही तोच टंकतो आहे. आमच्या वाड्यात बाळंतिणीची खोली वेगळी असे. मालिश, शेक, ओव्याची धुरी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू आणि कानाला स्कार्फ. सवा महिना तिला कोणी उंबरा ओलांडू देत नसे. तिला कोणी दारापर्यंत नेले, तरी माझ्या सासूबाई ओरडत, ‘ओली बाळंतीण आहे, काहून हिंडवून राहिला तिला?’

आजच्या मुलींना हे जाच वाटते आणि काही अंशी तो होताही. पण त्या सवा महिन्यात तिच्या हातचे पाणीही कोणी मागत नसे, हे विसरू नका. आता स्कार्फ राहिला, लाडू राहिले आणि विश्रांती गेली. आणि सवा महिना संपल्यावर आम्ही अंगणात, विहिरीपर्यंत, देवळापर्यंत चालतच होतो. चालायला वेगळे जावे लागत नव्हते. आता चौथ्या मजल्यावर लिफ्टने जायचे आणि दार लावून बसायचे, म्हणजे मुलीने पाय हलवावे तरी कुठे?

फिजिओ, प्रतापनगर · १२ फेब्रुवारी, रात्री ९.५०

आजींशी मी जवळजवळ पूर्ण सहमत आहे. सवा महिन्याची विश्रांती आणि सहा आठवड्यांची तपासणी या दोन्ही गोष्टी एकाच सुमारास येतात, हा निव्वळ योगायोग वाटत नाही. एवढेच सुचवीन की या काळातही अंथरुणाला खिळून राहू नये, खोलीत आणि घरात थोडे थोडे चालत राहावे. प्रसूतीनंतर पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याची शक्यता वाढलेली असते आणि लवकर हिंडते-फिरते होणे हा त्यावरचा एक उपाय आहे. लाडवांबाबत मात्र एक सांगते. ते आईसाठी असतात, आणि माझ्याकडे येणाऱ्या बाबांच्या पोटाकडे पाहता निम्मे कोणी खाल्ले ते समजते.

स्पष्ट बोलतो · १३ फेब्रुवारी, सकाळी १०.२०

घरात दिवसभर राबणारी बाई व्यायामच तर करत असते. तिने वेगळे चालायला जावे, हा नव्या जमान्याचा चोचला आहे. आमच्या घरच्या बायकांनी कधी बूट घातले नाहीत आणि त्या ठणठणीत राहिल्या.

दोन मुलांची आई · १३ फेब्रुवारी, सकाळी ११.००

त्या ठणठणीत होत्या की सांगत नव्हत्या, हे त्यांनाच विचारलेले बरे.

फिजिओ, प्रतापनगर · १३ फेब्रुवारी, दुपारी १.४५

प्रश्न चोचल्याचा नाही, पण त्यात एक रास्त मुद्दा आहे. श्वासाची गती वाढवणारे घरकाम, म्हणजे फरशी पुसणे किंवा बादल्या उचलून गच्चीवर कपडे वाळत घालणे, हे शारीरिक हालचालीत मोजले जाते. मात्र बाळंतिणीच्या दिवसाचा मोठा भाग मांडी घालून वाकून पाजण्यात आणि बाळाला एका कुशीवर धरण्यात जातो. त्यात श्रम असतात, पण ते मान, कंबर आणि मनगट यांच्यावर पडतात. बाळाला वारंवार उचलल्याने अंगठ्याच्या बुडाशी मनगटात दुखणे हे इतके सर्रास आढळते की मी दारातून येणाऱ्या आईच्या हाताकडे आधी पाहते. बाळाला काखेत अंगठे घालून न उचलता, एक तळवा ढुंगणाखाली आणि एक मानेखाली सरकवून उचलावे. चालण्याने हे ताण मोकळे होतात, म्हणून चालणे हे घरकामाला पर्याय नसून त्याचा उतारा आहे.

बुटीबोरी पाळी · १३ फेब्रुवारी, रात्री ११.१५

मी बुटीबोरीला तीन पाळ्यांत काम करतो आणि पत्नी शाळेत शिकवते. मुलगा आता चौदा महिन्यांचा आहे. ‘दोघांनी मिळून’ हा शब्द वाचला की मला हसू येते, कारण आम्ही दोघे जागे असताना एका छपराखाली असण्याचे तास आठवड्यात बोटांवर मोजता येतील. तरी आमचे चालणे सुरू आहे, आणि आम्ही ते एकत्र करतो असेच मी म्हणतो.

स्वयंपाकघरात भिंतीवर जे कॅलेंडर आहे, त्यावर दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी आम्ही दोघे आपापली मिनिटे लिहितो. तिचे निळ्या शाईने, माझे लाल शाईने. तिची मिनिटे कमी दिसली तर त्याचा अर्थ तिने टाळाटाळ केली असा न धरता, मी त्या आठवड्यात मुलाला कमी वेळ घेतले असा धरायचा, हे सुरुवातीलाच ठरले होते. या एका नियमामुळे आमची पुष्कळ भांडणे टळली. कंपनीच्या बसमधून मी घरच्या आधीच्या थांब्यावर उतरतो आणि उरलेले चालत येतो, तेवढीच माझी मिनिटे. एकत्र म्हणाल तर महिन्यातले दोन रविवार फुटाळा तलावावर, तेही सकाळी. संध्याकाळी तिथे चालणे होत नाही, खाणेच होते.

टपाली · १४ फेब्रुवारी, सकाळी ८.४०

एक अगदी कोरडा, पण उपयोगी मुद्दा. मी केंद्र सरकारी नोकरीत आहे. आमच्याकडे पुरुष कर्मचाऱ्याला दोन अपत्यांपर्यंत १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते आणि ती प्रसूतीच्या १५ दिवस आधीपासून प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंत घेता येते. बहुतेक जण ती बाळंतपण झाल्याबरोबर घेतात. मीही घेतली होती आणि ते पंधरा दिवस सासुरवाडीला पाहुण्यासारखे बसून काढले. तिथे सासूबाई होत्या, मालिशवाली होती, मला कोणी लंगोटही बदलू दिला नाही. जेव्हा पत्नी मुलाला घेऊन नागपूरला आली आणि रात्रीचे जागरण पहिल्यांदा एकटीच्या वाट्याला आले, तेव्हा माझी रजा संपलेली होती.

ज्यांचे बाळंतपण माहेरी होणार आहे त्यांनी ही रजा, निदान तिचा मोठा भाग, ती घरी परत येईल त्या आठवड्यासाठी राखावी, असे मी प्रत्येकाला सांगतो. ही रजा तुकड्यांत मिळेल का, हे आधी कार्यालयात विचारून घ्यावे. खासगी क्षेत्रात अशी सक्ती करणारा कायदा नाही. तेथे आपापल्या कंपनीचे नियम पाहावे लागतात. आईसाठी मात्र २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे.

मानेवाडेकर (धागाकर्ता) · १४ फेब्रुवारी, दुपारी ४.१०

हे लिहिणारी मी त्यांची पत्नी आहे. हा धागा यांनीच काल रात्री मला वाचायला दिला, त्यामुळे चोरून लिहीत नाही.

सर्वांनी फार आस्थेने लिहिले आहे, तेव्हा मीही मोकळेपणाने लिहिते. रेशीमबागेला रोज पहाटे आम्ही जात असू हे खरे आहे. पण यांना मीच उठवत असे. चहा मी ठेवत असे, यांचे बूट मी दाराशी काढून ठेवत असे. मी वर्ध्याला गेले आणि यांचे चालणे बंद पडले, याचे आश्चर्य यांना वाटले असेल, मला वाटले नाही. आता मला कोणी उठवावे अशी माझी अपेक्षा नाही, कारण मी बहुधा जागीच असते.

दुसरी गोष्ट मी यांनाही सांगितली नव्हती. शिंक आली किंवा खोकला आला की मला कपड्यांत लघवी होते. भर रस्त्यात तसे झाले तर काय, या भीतीने मी फाटकाबाहेर जात नाही. टाक्यांच्या वरचा भाग अजून बधिर आहे. मैदानावर ओळखीच्या दहा जणी भेटणार आणि त्यांतल्या आठ जणी ‘अजून पोट उतरले नाही का गं’ म्हणणार, हेही आहेच. आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला काही कारण नसताना रडू येते.

मला आधी मैदान नको, सोबतही नको. वीस मिनिटे अशी हवीत की कान घराकडे लागलेले नसतील.

दोन मुलांची आई · १४ फेब्रुवारी, संध्याकाळी ५.००

ताई, शिंकेची भीती मलाही होती आणि मी ती सात वर्षे कोणाला सांगितली नव्हती. तुम्ही साडेतीन महिन्यांत सांगितलीत, फार बरे केलेत.

फिजिओ, प्रतापनगर · १४ फेब्रुवारी, रात्री १०.१५

ताई, आपण जे लिहिले ते माझ्याकडे येणाऱ्या कित्येक जणी दाराची कडी लावल्यावर सांगतात. हा त्रास सिझेरियन झालेल्यांनाही होतो, कारण ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर नऊ महिने भार आलेलाच असतो. तो बरा होण्याजोगा आहे. वारा आणि लघवी दोन्ही एकाच वेळी अडवायची आहे अशी कल्पना करून ते स्नायू आत आणि वर ओढून घ्यायचे, श्वास न रोखता काही सेकंद धरायचे आणि पूर्ण सैल सोडायचे. आरंभी तीन-चार सेकंद, पुढे वाढवत दहा सेकंदांपर्यंत. एका वेळी दहा वेळा, दिवसातून तीनदा. सोडणे हे धरण्याइतकेच महत्त्वाचे असते आणि घाईत तेच राहून जाते. प्रत्यक्ष लघवी करताना हा सराव करू नये. पाजायला बसलात की एक आवर्तन करावे, म्हणजे वेगळी वेळ काढावी लागत नाही. गुण यायला दोन-तीन महिने लागतात. तोपर्यंत शिंक येण्याआधी ते स्नायू आवळून घेण्याची सवय लावा आणि बाहेर जाताना निःसंकोच पॅड वापरा. जमते आहे की नाही याची खात्री वाटत नसेल तर या विषयातल्या फिजिओथेरपिस्टकडून एकदा तपासून घ्या; अनेक जणी नकळत उलट खाली जोर देत असतात.

टाक्यांजवळचा बधिरपणा काही महिने राहू शकतो. रडण्याबद्दल मात्र आपल्या डॉक्टरांना अवश्य सांगा. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही दिवसांतले रडू आपोआप ओसरते. साडेतीन महिन्यांनी रोज येणारे रडू वेगळे असते, त्यावर उपचार असतात आणि अंगावर पाजत असतानाही ते घेता येतात. चालण्याने त्यात मदत होते, पण चालणे हे उपचाराच्या जागी ठेवू नका. रात्री-अपरात्री कोणाशी बोलावेसे वाटले तर शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते.

आणि दादा, या घराला चालण्याची सवय होती ती कोणाच्या खांद्यावर उभी होती, हे आता ताईंनीच लिहिले आहे.

मानेवाडेकर (धागाकर्ता) · १४ फेब्रुवारी, रात्री ११.५५

वाचले. शिंकेचे आणि रडण्याचे मला खरोखर माहीत नव्हते. सोमवारची डॉक्टरांची वेळ घेतली आहे. पाचचा गजर आता माझ्या उशाशी आहे.

साखरेची गोष्ट · १६ फेब्रुवारी, दुपारी १२.३०

ज्यांना गरोदरपणात मधुमेह निघाला होता त्यांच्यासाठी थोडक्यात लिहिते. प्रसूतीनंतर साखर सामान्य झाली म्हणून मी निश्चिंत झाले होते. पण अशा स्त्रियांना पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो. म्हणून प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन करायची तपासणी आणि पुढेही वेळोवेळी तपासणी करून घ्यावी. आमच्या घरी यांच्या वडिलांनाही मधुमेह आहे, तेव्हा जेवणानंतरची पंधरा मिनिटांची शतपावली आता तिघांचीही औषधासारखी ठरलेली आहे. मुलगी आळीपाळीने एकेकाच्या कडेवर असते.

गाडीवाला बाबा · १७ फेब्रुवारी, सकाळी ७.२०

नागपूरच्या रस्त्यांवर बाबागाडी चालवण्याचा दीड वर्षाचा अनुभव आहे, म्हणून लिहितो. सिमेंटचे रस्ते गुळगुळीत आहेत, पण त्यांच्या कडेला जी अर्ध्या फुटाची पायरी तयार झाली आहे, तिथे लहान चाकांची गाडी हमखास अडते आणि बाळ दचकून जागे होते. पदपथावर गाड्या उभ्या असतात आणि पहाटे कुत्र्यांच्या टोळ्या असतात. त्यामुळे गल्लीऐवजी जवळच्या उद्यानातला चालण्याचा मार्ग बरा. मोठी सावली हवी असेल तर सिव्हिल लाइन्सचे रस्ते रविवारी सकाळी उत्तम.

झोळीसारख्या पट्ट्यात बाळाला छातीशी बांधणार असाल, तर बाळाचा चेहरा सतत दिसला पाहिजे, हनुवटी त्याच्या छातीत रुतता कामा नये आणि मांड्यांना गुडघ्यापर्यंत आधार हवा. आणि हा पट्टा बाबाने बांधावा. आईच्या कंबरेला तेवढाच आराम, आणि पाच-सहा किलो अंगावर घेऊन चालल्याने बाबाचाही घाम निघतो. बाळ बरोबर असताना धावणे नको. गाडी ढकलत धावायचे तर मूल निदान सहा महिन्यांचे होऊ द्यावे.

मानेवाडेकर (धागाकर्ता) · २८ एप्रिल, रात्री १०.३०

दहा आठवडे झाले, म्हणून कळवतो. डॉक्टरांकडे गेलो तेव्हा हिमोग्लोबिन ९.२ निघाले. लोहाच्या गोळ्यांचे पाकीट खरोखरच वर्ध्याच्या फडताळात राहिले होते. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, समुपदेशनही सुरू आहे आणि संध्याकाळचे रडणे पुष्कळ कमी झाले आहे.

चालण्याचे असे बसले आहे. पहाटेचे पाजणे झाले की मी मुलीला घेतो. आठवड्यातून चार दिवस ती एकटी आमच्या वस्तीतल्या आतल्या रस्त्यांवर चालते. सुरुवात बारा मिनिटांनी झाली, आता पंचवीस होतात. मैदानावर ती अजून येत नाही आणि मी विचारणे सोडले आहे. ती परतल्यावर मी निघतो. पहिल्या पंधरवड्यात मी तिला बाहेर पाठवून, मुलगी रडू लागताच सात मिनिटांत दोनदा फोन केला होता. त्यानंतर ती फोन घरी ठेवून जाऊ लागली. मग नाइलाजाने मला मुलीला शांत करण्याची एक रीत सापडली. कूलरच्या आवाजापाशी उभे राहून पाठ थोपटायची. रविवारी आम्ही तिघे उजाडताच सिव्हिल लाइन्सला जातो. कॅलेंडरची कल्पना उचलली आहे. मागच्या आठवड्यात तिची ११५ मिनिटे आणि माझी १४० झाली, म्हणजे दोघांनाही अजून पल्ला गाठायचा आहे. आठांतले दोनच किलो उतरले. तर्री सुटलेली नाही. घड्याळ सध्या मी वापरतो.

आता प्रश्न उन्हाचा आहे. पारा ४३ अंशांवर आहे आणि नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, अजून यायचा आहे. तेव्हा काय करावे?

गाडीवाला बाबा · २९ एप्रिल, सकाळी ६.४५

मे महिन्यात साडेपाचला उजाडते. साडेसहाच्या आत घरी परतावे. संध्याकाळी सूर्य मावळल्यावरही सिमेंटचा रस्ता तासभर धग फेकत राहतो आणि गाडीतले बाळ त्या धगीच्या जास्त जवळ असते. गाडीवर दुपटे किंवा ओढणी पांघरून पूर्ण झाकू नका, आत हवा कोंडून तापमान उलट वाढते; फक्त छत्रीसारखी सावली धरा.

फिजिओ, प्रतापनगर · २९ एप्रिल, दुपारी २.३०

बाळ केवळ अंगावर पीत असेल तर सहा महिने पूर्ण होईपर्यंत त्याला उन्हाळ्यातही वरचे पाणी लागत नाही. अधिक वेळा पाजावे आणि आईने स्वतः भरपूर पाणी, ताक, पन्हे घ्यावे. आपली मुलगी आता सहा महिन्यांची होते आहे, तेव्हा वरचे अन्न सुरू करताना पाण्याचे प्रमाण बालरोगतज्ज्ञांना विचारा. नवतप्याचे नऊ दिवस चालणे घरातच करा. कूलरसमोर उभे राहून खुर्चीवर बसणे-उठणे दहा वेळा, भिंतीला हात टेकून जोर दहा वेळा, टाचा उचलणे वीस वेळा, दोघांनी समोरासमोर. मुलीला मध्ये सतरंजीवर पालथी टाका, तिचाही मानेचा व्यायाम होतो. आणि शिंकेचे काय झाले, हे ताईंना विचारून कळवा.

मानेवाडेकर (धागाकर्ता) · २९ एप्रिल, रात्री ९.०५

पत्नी लिहिते आहे. परवा फोडणीच्या ठसक्याने सलग चार शिंका आल्या आणि काहीही झाले नाही. पाचवी आली असती तर सांगता येत नाही. सराव सुरू ठेवला आहे.